टाचेमागची करंगळी

माझ्या हातच्या प्रत्येक जोड्याला टाचेच्या मागे चामड्याची एक कडी असते. करंगळी जाईल एवढीच, जास्त मोठी नाही. बाकी जोड्यात दरवर्षी बदल होतात. पट्टे रुंद होतात, अरुंद होतात, टाचा चढतात, उतरतात. कडी मात्र जिथल्या तिथं. तिच्या मापाची एक लाकडी खुंटी मी कारागिरांना दिलेली आहे, तिच्यावर कडी बसली नाही तर तो जोडा मी उसवायला लावते. काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवलेल्या जोड्यावर माझं नावही असतं, पण ते वाचायची गिऱ्हाइकाला गरज पडत नाही. पाठीमागून कडी बघितली की ओळख पटते. मोठ्या घरच्या बायका लग्नात नाचून दमल्या की त्या कडीत बोट अडकवून जोडा हातात घेतात आणि अनवाणी गाडीपर्यंत जातात. त्यांना वाटतं, ही सोय मी त्यांच्यासाठीच केली.

ही कडी सुचली कशी, असं मला पुष्कळांनी विचारलं. विचारणारी माणसं वही उघडून बसलेली असतात, त्यांना रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसत नाही. म्हणून एकीला मी सांगितलं, पायातल्या जोडव्यावरून सुचली. एकाला सांगितलं, झोपाळ्याच्या कडीवरून. एका बाईंना तर मी मोराची मान सांगितली आणि त्यांनी ती छापलीसुद्धा. थापा मारताना मला लाज वाटली नाही. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. या गोष्टीपाशी आलं की मला काही वाटेनासंच होतं, हे माझं फार जुनं दुखणं आहे. दुखणं आपलं म्हणायचं. दुखत नाही, हीच त्यातली तक्रार.

आता हात थरथरतो. नवीन काही काढायचं राहिलेलं नाही आणि आज वही उघडून समोर कुणी बसलेलंही नाही. म्हणून जे झालं ते सांगते.

माझं गाव मुळशी तालुक्यात, माण आणि नेरे यांच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांची नातवंडं आता माझी गिऱ्हाइकं आहेत. तेव्हा हिंजवडी म्हणजे म्हातोबाच्या जत्रेला जायचं गाव, एवढंच आम्हाला माहीत. सगळीकडे भातखाचरं. माझे वडील गावचे चांभार. मी त्यांना आबा म्हणत असे. आमची तीन घरं ओढ्याच्या पलीकडे होती, कारण हिरड्याच्या पाण्यात भिजत घातलेल्या कातड्यांचा वास गावाला नको होता. त्या कातड्यांचे जोडे मात्र गावाला हवे असत.

घरून कुठंही जायचं तर आधी ओढा, मग पार, मग गल्ली, मग चावडी आणि चावडीपुढं पौडाची सडक. दुसरी वाट नव्हती. पारापासून चावडीपर्यंतच्या त्या गल्लीत आमच्या माणसांनी पायात काही घालायचं नाही, असा रिवाज होता. पाटी लावलेली नव्हती. कुणी हटकत नव्हतं, कारण हटकायची वेळ आमच्यातलं कुणी येऊच देत नसे. पाराशी आलं की खाली वाकायचं, जोडा हातात घ्यायचा आणि चालू लागायचं. त्या गल्लीतल्या ओट्यांवर पाय सोडून जी माणसं बसलेली असत, त्यांच्या सगळ्यांच्या पायातलं आबांनीच शिवलेलं असे.

शाळेत गुरुजींनी एकदा सांगितलं की आता कायद्यानं सगळी माणसं सारखी झाली. मी पळत घरी येऊन आईला ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. "कायदा पुन्यात झाला आसंल," ती म्हणाली. "गल्ली हितं हाय." आणि तिनं भाकरी उलटली.

कडीचा शोध आबांचा. त्यांना बाजारच्या दिवशी डोक्यावर कातड्यांचं बोचकं घेऊन गल्लीतून जावं लागे. डावा हात बोचक्याला. उजव्या हातात जोडा धरला तर रामराम कशानं घालणार? जोड्याचा हात कपाळाला लावला असता तर अनर्थच झाला असता. मग त्यांनी टाचेमागं चामड्याची बारीक कडी शिवली. बोचकं धरलेल्या डाव्या हाताच्याच करंगळीत दोन्ही कड्या अडकवायच्या. जोडा कानापाशी लोंबत राही आणि उजवा हात रामरामाला मोकळा. त्या कडीला आमच्या घरात करंगळीच म्हणायचे. "करंगळी लावली का?" "करंगळी तुटली, शिवून दे." पुढं आमच्या तिन्ही घरांतल्या जोड्यांना करंगळी आली.

थोरल्या घरच्या, म्हणजे पाटलांच्या, सुनांची गतही याहून फार निराळी नव्हती. सासऱ्या-दिरांपुढं त्यांनी पायताण घालायचं नाही. डोक्यावर गवताचा भारा, एक हात भाऱ्याला, दुसरा पदराला, मग जोडा धरायचा कशानं? त्यांतल्या धाकट्या सुनेनं आबांची करंगळी बघितली आणि ओढ्यावर धुणं धुताना पाण्याकडं बघत आईला म्हणाली, "तुमच्या घरधन्याच्या जोड्याला मागं ते काय हाय, तसलं मला बी लावून द्या की. पर घरात बोलू नगा." आबांनी दिली लावून. मग बाकीच्या सुनांना पाहिजे झाली. असं करता करता करंगळीचे जोडे गावात दोनच ठिकाणी दिसू लागले, आमच्याकडं आणि पाटलांच्या सुनांकडं. पायात म्हणण्यापेक्षा हातातच.

करंगळी लावायचं काम नवव्या वर्षापासून माझं होतं. माझी बोटं बारीक, त्यामुळं मागच्या अरुंद जागेत भोकं पाडायची आरी चांगली चाले. मापाला आबांची करंगळी काही सारखी मागता येत नसे, पण माझा अंगठा बरोबर तेवढाच होता. चामड्याची पट्टी अंगठ्याभोवती वळवायची, जिथं भेटेल तिथं टोचायची आणि सहा टाके घालायचे. बघायची गरजच नव्हती. मी पाढे म्हणत म्हणत शिवायची, गाणी म्हणत शिवायची, भांडत सुद्धा शिवायची.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ओढ्याच्या आमच्या बाजूला एक सपाट दगड होता. बाजारातून परत येताना आबा ओढ्यात पाय धूत, त्या दगडावर बसून डोईच्या फडक्यानं बोटांच्या बेचक्यांसकट पाय पुसत आणि मग करंगळीतला जोडा सोडवून पायात घालत. उभं राहून एकदा डावा, एकदा उजवा पाय आपटून बघत. तिथून आमचं घर शंभर पावलंही नव्हतं. पण त्या शंभर पावलांत आबा निराळे चालायचे. मी अंगणातून बघत असायची. त्यांनी असंच, पाय आपटत, अख्ख्या गल्लीतून चालावं, एवढीच माझी तेव्हा इच्छा होती. ओढ्याच्या काठच्या शेंदूर फासलेल्या देवाला मी रोज तेच मागत असे. फ्रॉक नाही, रिबिनी नाही.

मी अकरा वर्षांची असताना पौडला कसलीशी सभा ठरली आणि आमच्या पाटलांना तिथं पुढाऱ्यांशेजारी खुर्ची मिळणार असं कळलं. पाटलांनी आबांना चावडीवर बोलावून घेतलं आणि नवा जोडा सांगितला. "वाजला पायजे," म्हणाले. "म्या खुर्चीपातूर जाईस्तवर समद्यांनी मान वळवली पायजे." तळाच्या दोन पदरांमधे वाळक्या बिया दाबून बसवल्या की जोडा चालताना करकर बोलतो. आबांनी बिया निवडून घातल्या. कातडं त्यांनी वर्षभर राखून ठेवलेलं काढलं. तसा जोडा त्यांच्या हातून पुन्हा झाला नाही आणि माझ्या हातून अजून व्हायचा आहे, मी काहीही किंमत लावत असले तरी.

जोडा होत आला आणि आबांना हिवतापानं धरलं. सभेला दोन दिवस उरलेले. आबा घोंगडीखाली कुडकुडत म्हणाले, "पोरी, मागची शिलाई तेवढी घाल आन् तेल लाव. म्या सकाळी दिऊन येतो." दुपारची वेळ होती. मी दारातल्या करंजाखाली बसले, मागची शिलाई घातली, तेल चोळलं, जोडा फडक्यात बांधला आणि आबांच्या उशाशी नेऊन ठेवला. मागची शिलाई झाल्यावर माझा हात पट्ट्यांच्या ढिगाकडं गेला, अंगठ्याभोवती पट्टी वळली आणि सहा-सहा टाके पडले. मला ते कळलंसुद्धा नाही.

मी ते मुद्दाम केलं असतं तर किती बरं झालं असतं. आजकाल ऐकणाऱ्यांना तसं आवडतं. अकरा वर्षांच्या मुलीनं पाटलाच्या जोड्याला करंगळी लावली, काय पोर होती, असं म्हणाले असते. पण तसं नव्हतं. मी त्या वेळी सतराचा पाढा म्हणत होते आणि तो मला येत नव्हता.

सकाळी आबांचा ताप उतरला होता, पण पाय लटपटत होते, म्हणून आईनं मला बरोबर धाडलं. पारापाशी आबांनी आपला जोडा काढून करंगळीत अडकवला, पाटलांचा जोडा दोन्ही हातांनी धरला. चावडीवर आठ-दहा माणसं बसलेली होती. पाटलांनी फडकं सोडलं, तळ वाकवून बघितला. करकर वाजली. "हात हाय बाबा तुजा," ते आबांना म्हणाले. आबा हसले. मग जोडा खाली ठेवायला पाटील वाकले आणि टाचेची बाजू बसलेल्या माणसांच्या तोंडासमोर आली.

"पाटील," त्यातला एकजण म्हणाला, "सभंला हातात घिऊन जायाचा व्हय जोडा?"

सगळे हसले. ते हसले नसते तर काही झालं नसतं, असं मला अजून वाटतं. पाटील काही राक्षस नव्हते. आबांकडून रापी मागून घेतली असती, करंगळी कापून फेकली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मिटलं असतं. पण माणसं हसली, आणि हसणं कापून टाकता येत नाही.

"हे बायकांचं पायताण हाय, का तुमचं?" पाटलांनी विचारलं. आवाज चढवलेला नव्हता.

आबांनी टाचेकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, एकदाच. रागानं नाही. कशानंच नाही.

"कुनी लावली ही?"

"म्या लावली, मालक. तापात हुतो. चुकी झाली."

"तू लावलीस न्हवं? मंग तूच घाल."

आबा उभेच राहिले.

"घाल पायात. आन् हितनं पारापातूर चालत जा. समद्यांस्नी बघू दे कसा वाजतुया."

आबांनी करंगळीतला आपला जोडा सोडवून माझ्या हातात दिला आणि पाटलांचा जोडा पायात घातला. तो त्यांना दोन बोटं मोठा होता. ते चालू लागले आणि मी त्यांच्या मागून चालू लागले. त्यांना पाय उचलता येत नव्हता, जोडा ओढत न्यावा लागत होता, त्यामुळं तो जास्तच वाजत होता. करकर ऐकून बायका दारात आल्या. पाटलांची धाकटी सून दारात आली, तिनं बघितलं आणि पदर ओढून आत गेली. पोरं पाय घासत आबांसारखं चालून दाखवत होती. म्हणजे आबा जोडा घालून अख्ख्या गल्लीतून चालले आणि मी ते डोळ्यांनी बघितलं. देवाला मागितलं होतं ते मला मिळालं.

मला काय वाटत होतं? मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. मी टाचेकडं बघत होते. करंगळी मागं हलत होती आणि टाके चांगले पडले होते, एकही सैल नव्हता. तेवढंच मी बघत होते. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. त्या गल्लीत माझ्या आतलं काहीतरी जे बधिर झालं ते पुढं कधी नीट जागं झालं नाही. लग्न झालं, मुलं झाली, नाव झालं, बक्षिसं घेतली. सगळं मी तसंच, टाके बघावेत तसं बघितलं.

पारापाशी आबांनी जोडा काढला, सवयीनं करंगळीत अडकवला, परत चावडीवर आणला आणि पायरीवर ठेवला. "घरी न्हे," पाटील म्हणाले. "आता कोन घालनार त्यो." सभेला ते जुन्याच जोड्यात गेले.

घरी आल्यावर आबा पुन्हा घोंगडी घेऊन पडले. आईला गावातून आधीच कळलं होतं. ती मला मारेल असं मला वाटलं. तिनं माझा हात हातात घेतला, बोटं उलटसुलट करून बघितली. "हाताला डोळं नसत्यात," म्हणाली आणि मला जेवायला वाढलं. आबांनी मला त्या दिवशी काही विचारलं नाही आणि त्यानंतरही कधी विचारलं नाही. मी चुकून लावली, हे मला त्यांना सांगायचं होतं. ते सांगायचं राहून गेलं.

कुणाला वाटेल, मग गावानं आम्हाला वाळीत टाकलं असेल. कशाला टाकतील? चार दिवसांनी पाटलांचाच गडी विहिरीवरची फाटलेली मोट घेऊन आला, आबांनी ती शिवून दिली. पाटलांच्या त्या जोड्याचे तळ आबांनी उसवले, बिया ओढ्यात टाकल्या आणि कातडं मोटेच्या ठिगळाला वापरलं. सगळं होतं तसं चालू राहिलं. फक्त पुढच्या बाजारच्या दिवशी आबा ओढ्यात पाय धुऊन दगडावर बसले, पाय पुसले आणि जोडा तसाच करंगळीत ठेवून घरी आले. मला वाटलं, अजून अशक्तपणा असेल. पण मग रोजच तसं झालं. चिखलात, तापलेल्या फुफाट्यात, काट्यात. जोडा बरोबर असायचा. घराबाहेर पडताना खुंटीवरून काढून ते करंगळीत अडकवायचे. पायात कधी नाही. आई सुरुवातीला बोलायची, "चांभाराच्या पायाला चिरा, लोक काय म्हंतील?" मग तिनंही सोडून दिलं.

मी सोळाव्या वर्षी पुण्याला मामांकडं गेले. मामांचं चपलांचं दुकान होतं. पुढं गिऱ्हाईक, मागं आम्ही. तिथं मी पावलाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर जोडा चढवायला शिकले, टाच बसवायला शिकले, शहरातल्या बायकांना पाऊल लहान दिसलेलं आवडतं हे शिकले. पुण्यात जोडा हातात घ्यायची कुणाला गरज नव्हती, त्यामुळं करंगळी तिथं नव्हती आणि मला तिची आठवणही होत नव्हती. दिवसभर शिवताना माझ्या डोक्यात एकच असे: असा एक जोडा करायचा की आबांना पायात घातल्यावाचून राहवणार नाही. दोन वर्षं मी हात बसवला तो त्यासाठी.

अठराव्या वर्षी तो जोडा झाला. वासराचं मऊ कातडं, आत दुहेरी गादी, चिरा पडलेल्या टाचेला कुठं काही लागणार नाही अशी शिलाई. टाचेची मागची बाजू एकदम कोरी, गुळगुळीत. तिथं मी कितीदा तरी बोट फिरवलं असेल.

तोवर गाव बदललं होतं. पाटील अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते. आमच्या तीन घरांतली तरुण मुलं रबरी चपला घालून गल्लीतून फटक फटक जात होती आणि ओट्यावरची म्हातारी माणसं तिकडं बघत नव्हती. मीही मुद्दाम उंच टाचांच्या चपला घालून गेले होते. चावडीपासून पारापर्यंत टाचा वाजवत चालले. कुणी मान वर केली नाही. मला वाटलं होतं, आज काहीतरी वाटेल. निदान छाती तरी धडधडेल. काही झालं नाही. एक कुत्रं तेवढं उठून बाजूला झालं.

आबांनी जोडा हातात घेतला. कातडं दाबून बघितलं, शिलाईवरून नख फिरवलं, गादी चाचपली. कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम बघतो तसं सगळं बघितलं. मग मागची बाजू उजेडाकडं धरली.

"करंगळी कुटं हाय?"

"आता नको आबा. आता कुणी काढत नाही."

"तुमी न्हाई काढत," आबा म्हणाले. "मंग म्या हातात कसा घिऊ?"

"पायात घाला की," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "पायात घालायला केलाय मी तो!"

आबांनी उठून आपली आरी आणली, एक पट्टी निवडली आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवलं. "लाव," म्हणाले. "तुज्यासारकी कुनाला येत न्हाई."

मी पट्टी घेतली, अंगठ्याभोवती वळवली, आणि थांबले. माझा अंगठा मोठा झाला होता. माप चुकलं असतं. मग मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि त्यांच्याच करंगळीभोवती पट्टी वळवली. ती करंगळी वर्षानुवर्षं ओझं अडकवून थोडी वाकडी झाली होती. ते माप मी पुण्याला परत नेलं. कारागिरांकडची लाकडी खुंटी त्याच मापाची आहे. सहा टाके घातले. आबांनी कड्या ओढून बघितल्या आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते मला यष्टीवर पोचवायला आले. मी पुढं टाचा वाजवत, ते मागून अनवाणी, डोक्यावर माझी पिशवी, करंगळीत नवा जोडा. वाटेत भेटेल त्याला ते उजव्या हातानं रामराम घालत होते. लोक बोलायला थांबत होते, जोड्याचं कौतुक करत होते. यष्टी आली तसं आबा म्हणाले, "लई हलका झालाय गं जोडा. आजाबात भार न्हाई." पायाला कसा आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मला त्यांचा राग आला. इतका राग आला की मी खिडकीतून हात केला नाही.

पुढं तीनच वर्षांनी आबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटपलेलं होतं. तेरावं झाल्यावर आईनं खुंटीवरचा जोडा काढून माझ्यापुढं ठेवला. "तुजा हाय, तू न्हे," म्हणाली. करंगळ्या काळ्या पडल्या होत्या, घामानं कडक झाल्या होत्या. एक तुटून गेली होती आणि आबांनी जाड दोऱ्यानं ती पुन्हा शिवली होती. मी जोडा उलटा केला. तळावर फर्म्यावरून काढताना मीच मारलेली खडूची खूण तशीच होती. तीन वर्षांत तिला माती लागलेली नव्हती.

मी जोडा पिशवीत घालणार होते, पण पिशवीत आईनं तांदूळ भरून दिले होते. मग पिशवी खांद्याला लावली, जोड्याच्या दोन्ही करंगळ्या माझ्या करंगळीत अडकवल्या आणि निघाले. कड्या मला थोड्या मोठ्या होत होत्या. ओढा ओलांडला, पार मागं टाकला. दुपारची वेळ, गल्लीत कुणी नव्हतं, ओट्यांवर कुणी नव्हतं, चावडीला कुलूप होतं. डोळे कोरडेच होते. मी सडकेवर येऊन यष्टीची वाट बघत उभी राहिले तेव्हा तळव्यांना चटके बसू लागले, म्हणून मी खाली बघितलं.

माझ्या उंच टाचांच्या चपला माझ्या हातात होत्या. पाराशी कधी वाकले, कधी काढल्या, मला काही आठवत नाही. एका हाताच्या करंगळीत आबांचा जोडा होता आणि दुसऱ्या हातात माझ्या चपला, पट्ट्यांनी कशातरी मुठीत धरलेल्या, कारण त्यांना मागं करंगळी नव्हती.

पुण्याला पोचल्यावर मी सगळ्यात आधी माझ्या चपलांना ती लावून घेतली.